अणुतळांवरचे दिवे आणि न लिहिलेली नोंद

प्रश्न असा आहे: अण्वस्त्रांचे तळ, क्षेपणास्त्रांची कोठारं, अणुभट्ट्या यांच्याच आसपास आकाशात अनोळखी वस्तू जास्त का दिसतात? कुणी आपल्या अण्वस्त्रांवर नजर ठेवून आहे का? आणि रडारवर काम केलेल्या माणसाला यातलं किती खरं वाटतं?

माझी उमेदीची वर्षं रडारच्या पडद्यासमोर गेली आणि नंतरची बरीच वर्षं 'आकाशात काहीतरी दिसलं' अशा नोंदी तपासण्यात. त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक गोष्टी ओळखीच्या निघतात, थोड्या निघत नाहीत, आणि ज्या निघत नाहीत त्यांत परग्रहावरून कुणी आल्याचा एकही पुरावा मी पाहिलेला नाही. तरीही हा विषय हसण्यावारी नेणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. ज्या कुंपणाआड अण्वस्त्रं आहेत त्यावरून काहीतरी उडून गेलं आणि ते काय होतं हे सांगता आलं नाही, तर पहाऱ्याला भोक पडलेलं आहे. ते कुणी पाडलं हे शोधायचं असेल तर आधी भोक आहे हे मान्य करावं लागतं.

'तिथेच का' याचं अर्धं उत्तर सोपं आहे. तिथे डोळे जास्त. एखाद्या माळरानावर रात्री अडीच वाजता आकाशाकडे बघणारं कुणी नसतं. क्षेपणास्त्र तळावर मात्र त्याच वेळी कितीतरी माणसं जागी असतात, बघत राहणं हेच त्यांचं काम असतं, आणि वावगं दिसलं तर कळवणं बंधनकारक असतं. भोवती रडार, कॅमेरे, इन्फ्रारेड यंत्रणा असतात त्या वेगळ्याच. जिथे जाळं दाट तिथे मासे जास्त सापडणार. तेवढ्यावरून समुद्रात मासे तिथेच आहेत असं ठरत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं जुलै २०२२ मध्ये अशा नोंदींसाठी 'आरो' नावाचं स्वतंत्र कार्यालय उघडलं. नोंदी लष्करी क्षेत्राभोवती एकवटतात त्याला बघणाऱ्यांची आणि यंत्रांची ही गर्दीच मोठ्या प्रमाणात कारण आहे, असं तेही मानतात.

उरलेलं अर्धं उत्तर तितकं सोपं नाही. अशा ठिकाणी काय चाललंय हे बघण्यात परक्या देशांना खरोखरच रस असतो. म्हणजे नोंदींची गर्दी काही अंशी भास असली तरी काही अंशी ती खऱ्या पाहुण्यांची असू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

हा घोटाळा अण्वस्त्रांइतकाच जुना आहे. १९४८ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोत, लॉस अलामोस आणि सँडिया या अण्वस्त्र-प्रयोगशाळांच्या परिसरात, हिरवे अग्निगोल दिसू लागले. बघणाऱ्यांत वैमानिक होते, शास्त्रज्ञ होते, पहारेकरी होते. उल्काशास्त्रज्ञ लिंकन लापाझ यांनी खूप शोधूनही त्यांना एक तुकडा सापडला नाही, आणि या नेहमीच्या उल्का नव्हेत असं त्यांचं मत झालं. फेब्रुवारी १९४९ मध्ये लॉस अलामोसला त्यावर बैठक झाली, हायड्रोजन बॉम्बवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांच्यासारखी माणसं तिथे होती. पुढे 'प्रोजेक्ट ट्विंकल' नावानं कॅमेरे लावून पाहणी झाली आणि १९५१ मध्ये ठोस काही हाती न लागता ती गुंडाळली गेली. त्या कामातून मी एकच गोष्ट उचलली: आधी भरपूर दिसत होतं, पण कॅमेरे लावले तेव्हा पुरेसं मोजमाप मिळालं नाही. पुढच्या सत्तर वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते माल्मस्ट्रॉम या अमेरिकी क्षेपणास्त्र तळाबद्दल, म्हणून तिथे थोडं थांबतो. १६ मार्च १९६७, मोंटाना राज्य. 'इको फ्लाइट' म्हणजे एका भूमिगत नियंत्रण कक्षाच्या ताब्यातली 'मिनिटमन' जातीची दहा लांब पल्ल्याची अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं. सकाळी ती एकापाठोपाठ एक 'नो-गो' झाली, म्हणजे डागता येणार नाहीत अशा अवस्थेत गेली. दहाच्या दहा. ही कपोलकल्पित गोष्ट नाही, हवाई दलाच्या कागदपत्रांत ती आहे आणि त्या वेळी वरपर्यंत चिंता पोचली होती. कारण साधं होतं: प्रत्येक क्षेपणास्त्र आपापल्या विवरात एकमेकांपासून मैलोगणती दूर असतं. एक बिघडलं तर समजू शकतं, पण दहा एकदम बिघडणं त्या रचनेत बसत नव्हतं.

तपास बोइंगच्या अभियंत्यांकडे गेला. मार्गदर्शन यंत्रणेतल्या 'लॉजिक कपलर' या भागात बाहेरून विजेचा छोटासा झटका शिरला तर नेमका तोच बिघाड होतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत करून दाखवलं. पुढे अशा झटक्यांपासून बचाव करणारे फिल्टर बसवले गेले. झटका आला कुठून, हे मात्र त्या तपासात पक्कं झालं नाही. इको फ्लाइट ज्या तुकडीची, तिच्या नंतर खुल्या झालेल्या इतिहासात एक वाक्य आहे: इको फ्लाइटभोवती उडत्या तबकड्या दिसल्याच्या अफवा खोट्या ठरल्या. तर दुसऱ्या बाजूला रॉबर्ट सालास हे माजी क्षेपणास्त्र अधिकारी सांगतात की त्याच महिन्यात आपण भूमिगत कक्षात असताना वरच्या पहारेकऱ्यानं घाबरून फोन केला, फाटकावर लालसर चमकणारी वस्तू तरंगतेय म्हणाला, आणि पाठोपाठ आपली क्षेपणास्त्रं बंद पडली. २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये इतर माजी अधिकाऱ्यांसोबत त्यांनी हे जाहीरपणे मांडलं.

माझं म्हणणं असं. सालास खोटं बोलतात असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही. पण त्यांची कहाणी जाहीर झाली ती घटनेनंतर जवळपास तीस वर्षांनी, आणि नेमकी कुठली फ्लाइट हा तपशील मधल्या काळात बदलला. तीस वर्षांनंतरची आठवण तपासायला त्याच दिवशीचा कागद लागतो. वरच्या पहारेकऱ्यानं काय बघितलं, किती वाजता, कुठल्या दिशेला, किती उंच, यातलं काहीच त्या रात्री लिहिलेल्या स्वरूपात आपल्यापुढे नाही. क्षेपणास्त्रं बंद पडणं ही एक घटना आणि दिवा दिसणं ही दुसरी. दोन्ही एकाच महिन्यातल्या म्हणून त्यांची गाठ मारली गेली. ती गाठ खरी की खोटी हे आता ठरवता येईल असं मला वाटत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्लंडमधल्या रेंडलशॅमच्या जंगलाची गोष्ट, डिसेंबर १९८०, मला त्यापेक्षा बरीच सुटलेली वाटते. तिथल्या अमेरिकी तळाचे उपप्रमुख चार्ल्स हॉल्ट रात्री टेपरेकॉर्डर घेऊन जंगलात शिरले आणि जे दिसेल ते बोलत गेले. टेपवर लुकलुकणाऱ्या दिव्याचं वर्णन येतं. दर पाच सेकंदांनी. त्याच दिशेला ऑर्फर्डनेसचं दीपगृह होतं आणि त्याचा झोत पाच सेकंदांनीच फिरत असे. पहिल्या रात्री पहारेकऱ्यांना जंगलात काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, त्याच सुमारास दक्षिण इंग्लंडवर एक तेजस्वी उल्का दिसली होती. हॉल्ट स्वतः हे स्पष्टीकरण मानत नाहीत. पण त्यांनी वेळेसकट बोलून ठेवलं म्हणूनच आज आपण घड्याळ लावून तपासू शकतो. माल्मस्ट्रॉमला नेमकं तेच नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट. जागा सांगत नाही. एका बंदिस्त तळावरच्या पहारेकऱ्यानं नोंद केली: पाण्याच्या टाकीच्या उजव्या कडेवर लाल-हिरवा-पांढरा दिवा, आवाज नाही, मधूनच झटके देत हलतो, दोन तास होता. त्याच्या वरिष्ठानं ती नोंद सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि सगळे हसले. माझ्याकडे कागद आला तेव्हा मी त्या मुलाला बोलावून घेतलं आणि विचारलं, दोन तासांत तो दिवा कुठून कुठे गेला? त्यानं हात लांब करून मूठ धरली आणि दाखवलं, जवळपास तीन मुठी वर, थोडा उजवीकडे. लांब केलेल्या हाताची मूठ साधारण दहा अंश भरते, आणि आकाश तासाला पंधरा अंश सरकतं. मी त्याला म्हटलं, उद्या त्याच जागी उभा राहा, पण चार मिनिटं आधी. तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर त्याच जागी येतो. दुसऱ्या रात्री आम्ही दोघं उभे होतो. टाकीच्या कडेवर, ठरल्या मिनिटाला, व्याध वर आला. क्षितिजाजवळच्या जाड हवेतून तो असाच रंग बदलत लखलखतो. आणि काळोखात एकटा ठिपका टक लावून पाहिला की तो हलल्यासारखा वाटतो, हे कुणाच्याही डोळ्यांना होतं.

त्या मुलानं चांगलं काम केलं होतं. दिशा दिली, वेळ दिली, खूण दिली, म्हणून एका रात्रीत उत्तर मिळालं. लडाखमध्ये भारतीय सैन्यानं ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवर असे ३२९ वेळा दिवे पाहिले आणि ते चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी नोंदी तपासल्या: संध्याकाळनंतरचा गुरू होता आणि पहाटेचा शुक्र. त्या जवानांना हसणाऱ्यांची मला चीड येते. त्यांनी सहा महिने नेमानं नोंद ठेवली, म्हणूनच खगोलशास्त्रज्ञांना बोट ठेवायला काही मिळालं.

यंत्रं तरी फसत नाहीत ना, असं यापुढे विचारलं जातं. फसत नाहीत, पण आपल्याला फसवतात. अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेतलेली 'गो फास्ट' नावाची चित्रफीत बऱ्याच जणांनी पाहिली असेल, समुद्राच्या लाटांवरून काहीतरी सुसाट जाताना दिसतं. कागद-पेन्सिल घ्या. पडद्यावरचे आकडे सांगतात की विमान २५,००० फुटांवर आहे, कॅमेरा सुमारे २६ अंश खाली बघतोय आणि वस्तू ४.४ सागरी मैलांवर आहे. काटकोन त्रिकोण काढला की वस्तू विमानाच्या खाली पावणेबारा हजार फुटांच्या आसपास येते, म्हणजे समुद्रापासून सुमारे १३,००० फूट उंच. लाटांच्या जवळपासही नाही. नासाच्या अभ्यासगटानं सप्टेंबर २०२३ च्या अहवालात हेच गणित मांडलं आणि वेग काढला ताशी सुमारे ४० मैल. एवढा तर त्या उंचीवर वाराही असतो. सुसाट पळत होतं ते विमान. रेल्वेच्या खिडकीतून जवळचं झाड दूरच्या डोंगरासमोरून धावतं, तसंच हे.

रडारचं फसवणं उलट्या प्रकारचं असतं, तिथे असलेलं दिसत नाही. रडारला पक्षी, पाऊस, लाटा सगळं ऐकू येतं. ते सगळं पडद्यावर आणलं तर माणूस वेडा होईल, म्हणून अमुक वेगापेक्षा हळू चालणारं गाळून टाकायची सोय असते. या गाळणीला 'व्हेलॉसिटी गेट' म्हणतात. आम्ही ती रोज वापरायचो आणि ती नसती तर काम अशक्य झालं असतं. पण वाऱ्यावर तरंगणारा फुगा याच गाळणीतून खाली पडतो. जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये चिनी फुगा मोंटानावरून, म्हणजे पुन्हा त्याच माल्मस्ट्रॉमच्या क्षेपणास्त्रांवरून गेला आणि ४ फेब्रुवारीला दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यापलीकडे पाडला गेला. त्यानंतर रडारच्या गाळण्या सैल केल्या, आणि १० ते १२ फेब्रुवारी या तीन दिवसांत अलास्का, युकॉन आणि लेक ह्युरॉन इथे तीन वस्तू पाडाव्या लागल्या. त्या बहुधा खासगी किंवा संशोधनासाठी सोडलेले फुगे असाव्यात, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी नंतर सांगितलं. आकाशात एकाएकी गर्दी झाली नव्हती. आपण ऐकायला लागलो होतो.

म्हणून 'अज्ञात' या शब्दाचा अर्थ मी असा घेतो: माहिती अपुरी पडली. अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'मध्ये १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या आणि ७०१ अज्ञात राहिल्या. जून २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर अहवालात १४४ नोंदी होत्या, खात्रीनं ओळखता आली फक्त एक. ती हवा गेलेला मोठा फुगा होती. उरलेल्या १४३ गूढ ठरल्या म्हणून जगभर मथळे झाले, पण अहवाल मुख्यतः हेच सांगत होता की निष्कर्षाला पुरेल इतकी माहितीच नाही.

तरी काही नोंदी माझ्या डोक्यातून जात नाहीत. २४ ऑक्टोबर १९६८, अमेरिकेतला मायनॉट तळ, हाही मिनिटमनचाच. जमिनीवरच्या लोकांनी दिवा पाहिला, बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या रडारवर वस्तू आली, पडद्याचे फोटो निघाले, आणि ती जवळ असताना विमानाचा रेडिओ काही काळ बोलेना. ब्लू बुकनं जमिनीवरच्यांसाठी व्याध तारा आणि खुद्द ते बी-५२, तर रडारसाठी प्लाझ्मा, म्हणजे हवेतला विद्युतभारित वायू, असं उत्तर दिलं. प्लाझ्माचं उत्तर मला पटत नाही, कारण त्यानं एका कोड्याच्या जागी दुसरं ठेवलं. २०२५ मध्ये बिआत्रिझ व्हियारोएल आणि स्टीफन ब्रुएल यांनी अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेनं १९४९ ते १९५७ मध्ये आकाशाचे फोटो घेतलेल्या जुन्या काचा तपासून, एका फोटोत दिसून पुढच्यात नाहीसे होणारे क्षणिक ठिपके अणुचाचण्यांच्या आसपासच्या दिवसांत ४५ टक्के जास्त संभवतात असं मांडलं. काम लक्ष देण्याजोगं आहे. पण जुन्या काचांवरचे ठिपके दोषांमुळेही येतात, त्यामुळे दुसऱ्या वेधशाळेच्या काचांवर तेच निघाल्याशिवाय मी त्यावर वजन टाकणार नाही.

आणि आता ड्रोन. माझ्या लेखी हा या विषयाचा सगळ्यात गंभीर भाग आहे, आणि यात गूढ असं काही नाही. २०१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सच्या एकामागून एक अणुप्रकल्पांवर रात्री ड्रोन उडाले. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲरिझोनाच्या पालो व्हर्डे अणुप्रकल्पावर लागोपाठ दोन रात्री ड्रोनचा घोळका आला. पहारेकऱ्यांनी ते पाहिले, मोजले, कळवले. पण तिथल्या सुरक्षारक्षकांना ते पाडायचा किंवा जॅम करायचा कायदेशीर अधिकार नव्हता. उडवणारा सापडला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हर्जिनियाच्या लँगली तळावर, जिथे एफ-२२ लढाऊ विमानं असतात, तब्बल १७ दिवस ड्रोन येत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या लेकनहीथ आणि शेजारच्या तळांवर तेच. आरोच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात अमेरिकी अणुसुविधांजवळच्या १८ नोंदी आहेत, त्या ड्रोनच्या म्हणून नोंदवलेल्या आहेत. वस्तूचा प्रकार ठाऊक आहे, चालवणारा हात ठाऊक नाही, आणि तिथे 'परग्रह' शब्द उच्चारला की सगळी चौकशी चेष्टेत बुडते. त्या हाताला याहून सोयीचं दुसरं काय असेल?

त्या पहारेकऱ्याची उरलेली गोष्ट इथेच सांगायला हवी. व्याधाच्या प्रसंगानंतर सहाएक महिन्यांनी त्याच तळाच्या कुंपणावरून एक छोटं ड्रोन आत आलं. तिसऱ्या रात्री दुसऱ्या एका शिपायानं कळवलं तेव्हा आम्हाला समजलं. चौकशीत निघालं की पहिल्या रात्री ते या मुलानं पाहिलं होतं. चार हिरवे-लाल दिवे, मधमाश्यांसारखा आवाज, कोठाराच्या छपरावर एक फेरी. सगळं अचूक. नोंद मात्र नव्हती. मी विचारलं, लिहिलं का नाहीस? खाली मान घालून म्हणाला, "साहेब, परत हसतील म्हणून."

दोन रात्री आम्ही गमावल्या होत्या. ड्रोन चौथ्या रात्री आलंच नाही.

त्यानंतर मी तिथल्या नोंदवहीचं पान बदलून घेतलं. 'काय दिसलं' हा रकाना सगळ्यात शेवटी ठेवला. आधी सुरुवातीची आणि शेवटची वेळ, सेकंदासह. मग दिशा, एखाद्या पक्क्या खुणेच्या डावी-उजवीकडे किती मुठी. क्षितिजापासून किती मुठी वर. ढगाच्या पुढे की मागे. आवाज. आणखी कुणी पाहिलं, आणि त्या दुसऱ्यानं वेगळ्या कागदावर, एकमेकांशी न बोलता लिहिलं का. फोटो काढायचा तर चौकटीत खांब किंवा छप्पर आलंच पाहिजे; नुसत्या काळ्या आकाशातल्या ठिपक्यावरून कुणालाच काही मोजता येत नाही. आणि एक नियम आमच्या बाजूनंही घातला: प्रत्येक नोंदीचं उत्तर लिहिणाऱ्याला लेखी परत जाईल, 'ओळखता आलं नाही' असं असलं तरी.

त्या पानावरची पहिली नोंद त्याच मुलाची होती. पहाटे ४ वाजून ५१ मिनिटं, ईशान्येला, दोन मुठी वर, एका रांगेत सरकणारे दिवे, आवाज नाही, सव्वादोन मिनिटांत दिसेनासे. ते नुकत्याच सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांचं आरमार होतं, मार्ग ताडून पाहायला मला अकरा मिनिटं लागली. उत्तर मी त्याच सकाळी, पहारा बदलायच्या आत, त्याच्या हातात दिलं.